वणव्याला आलेले अभिप्राय

२ जानेवारी, रविवार. सकाळ.
नव्या वर्षाचा संकल्प. एकच. यंदा माझं नाव कवी म्हणून पुस्तकात छापून येणार म्हणजे येणारच.
आजवर कविता फक्त बायकोला वाचून दाखवत आलो. तिथून प्रतिसाद शून्य. काल ‘अनंताच्या उंबरठ्यावर’ वाचून संपवली, डोळे मिटून क्षणभर थांबलो, तर ही म्हणाली, बाथरूमचं पाणी तुंबलंय, बघता का जरा. अनंतावरून थेट बाथरूमवर! असल्या वातावरणात कवी वाढायचा कसा?
म्हणून आज ऑनलाइन कवींच्या समूहात दाखल झालो. जाणकार लोक आहेत म्हणे. टोपणनाव घेतलं: वणवा. ‘ज्वालामुखी’ आधीच कुणीतरी घेतलंय.
ही रोजनिशी फक्त माझ्यासाठी. तरी अक्षर नीट काढतोय. पुढे कुणाला लागली तर?

३ जानेवारी, सोमवार
समूहाचा नियम: आधी इतर तिघांच्या कवितांवर अभिप्राय द्यायचा, मग आपली एक कविता टाकायची. नियम अ‍ॅडमिनताईंचा. बाई निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांचा साधा ‘सुप्रभात’ वाचला तरी माणूस खुर्चीत ताठ बसतो.
नियम चांगलाच आहे. पण दुसऱ्यांच्या कविता वाचत बसलो तर माझी मौलिकता बिघडेल. सबब एक अभिप्राय तयार करून ठेवला: ‘अप्रतिम! शेवटची ओळ थेट काळजाला भिडली.’ तिघांना चिकटवला. काम फत्ते.
मग माझी कविता टाकली. सुरुवात अशी:
‘हे अनंता, तुझ्या अंतरंगाच्या अंतरात
अंतरलेला मी अंत शोधतो’
टाकताना चष्म्याच्या दुकानात कामावर होतो. समोर खुर्चीत एक आजोबा डोळे तपासायला बसले होते, नाकावर नंबर काढायची ती जड ट्रायल फ्रेम. त्यांना म्हटलं, खालची ओळ वाचत राहा. मी फोन बघत राहिलो. आजोबांनी खालची ओळ इतक्या वेळा वाचली की बाहेर बसलेल्या त्यांच्या सुनेलाही पाठ झाली. मालकांनी काचेतून पाहिलं. पाहू देत.

५ जानेवारी, बुधवार
दोन अंगठे आले! त्यातला एक माझाच, चुकून दाबला गेला. म्हणजे निव्वळ एक. सुरुवात म्हणून वाईट नाही.
गझलवाल्या सरांनी (यांची रक्त-लघवी तपासायची लॅब आहे) लिहिलं, ‘अर्थ लागला नाही.’ बघा, खोली असल्याशिवाय कुणी असं लिहीत नाही. ‘हळवा ढग’ नावाच्या विमा एजंटने तीन फुलं पाठवली. पण तो सगळ्यांनाच पाठवतो. कुणी ‘आज लाइट नाही’ लिहिलं तरी फुलं.

९ जानेवारी, रविवार
किरकोळ गैरसमज झाला. घाईघाईत अभिप्राय चिकटवताना एक अ‍ॅडमिनताईंच्या नियमावलीखाली पडला. आता तिथे दिसतंय: ‘अप्रतिम! शेवटची ओळ थेट काळजाला भिडली.’ नियमावलीची शेवटची ओळ आहे, ‘नियम मोडणाऱ्यास समूहातून काढून टाकले जाईल.’
ताईंनी विचारलं, आपण वाचून अभिप्राय देता ना? मी कळवलं की शिस्तीत मला एक लय दिसते. हजरजबाबीपणा हा माझ्यात उपजतच आहे.

१६ जानेवारी, रविवार
मोठी बातमी! समूहाचा प्रातिनिधिक काव्यसंग्रह छापायचा ठरलाय. खराखुरा, कागदावरचा. ज्यांच्या कवितांना सभासदांचे सर्वात जास्त अभिप्राय, त्यांची निवड. मार्चअखेर निकाल.
म्हणजे माझ्यासाठीच काढलाय म्हणायचा!
बायकोला सांगितलं. ती दातांच्या डॉक्टरांकडे रिसेप्शनला असते, दिवसभर गाल सुजलेल्या माणसांशी बोलून आलेली. म्हणाली, छान, आणि तो ओला टॉवेल पलंगावरून उचला. मी तिला संग्रहाचं ऐतिहासिक महत्त्व समजावून सांगितलं. मधेच तिने टॉवेल उचलला.

१९ जानेवारी, बुधवार
‘धगधगत्या धगीच्या धमन्यांतून’ टाकली. फक्त ढगाची तीन फुलं. गझलवाले सर: ‘ध फार झाला.’
आता कळलं. या लोकांनी आपापसांत कंपू केलेत. तू माझी पाठ खाजव, मी तुझी. गुणवत्तेला कोण विचारतो! माझ्यासारखा एकटा माणूस इथे टिकणार कसा? दुकानात आज चिडचिड झाली. एका बाईंच्या चष्म्यात डावी काच उजवीकडे बसली. बाई म्हणाल्या, दारातून बाहेर पडते तर दार दुसरीकडेच. सगळा दोष त्या कंपूंचा.

२० जानेवारी, गुरुवार
उपाय सापडला. एक जाणकार वाचक निर्माण करायचा. तो मीच, पण वेगळ्या नावाने.
याला फसवणूक म्हणत नाहीत. रसिक नसेल तर घडवावा लागतो. बाईचं नाव घेतलं, म्हणजे शंका येत नाही: ‘निःशब्दा’. फोटो म्हणून हॉलच्या पडद्याचा काढला. बायकोने विचारलं, पडद्याचा फोटो कशाला? म्हटलं, नवीन शिवायचाय. ती एकदम खूश झाली. हे जरा महागात जाणार.
निःशब्दाने लगेच अभिप्राय दिला: ‘वणवा सरांची लेखणी म्हणजे तळपती तलवार. इतकं सखोल आजकाल कोण लिहितं?’ वाचून अंगावर काटा आला. मनापासून आलेली दाद वेगळीच असते.

२१ जानेवारी, शुक्रवार. संध्याकाळ.
अडचण. अ‍ॅडमिनताईंनी निःशब्दाला कळवलंय: नव्या सभासदाने आठ वाजेपर्यंत स्वतःची एक कविता टाकावी, नाहीतर अभिप्राय रद्द. आली का पंचाईत! माझी चांगली कविता तिच्या नावावर कशी घालवू? आणि वाईट माझ्याकडे नाही.
स्वयंपाकघरात बसून डोकं खाजवत होतो. ही ओट्याशी उभी राहून माझ्यावर तोंडसुख घेत होती. आठला थोडाच वेळ होता. शेवटी ती जे बोलत होती तेच उतरवून घेतलं. जिथे तिने दम घेतला तिथे ओळ तोडली. आणि दिलं टाकून:
‘दिवा बंद करा म्हटलं
की तुम्ही आधी दिव्याकडे बघता
मग माझ्याकडे
दिवा मीच बंद करते
आणि अंधार झाला की तुम्ही विचारता
झोपलीस का’
यमक नाही, प्रतिमा नाही, अनंत तर कुठेच नाही. पण माझ्या कवितेवरचा अभिप्राय रद्द होण्यापासून वाचला, एवढं पुरे.

२२ जानेवारी, शनिवार
समूहाला वेड लागलंय!
सकाळी उठून बघतो तर निःशब्दाखाली अभिप्रायांची रांग. गझलवाले सर लिहितात, ‘वृत्तबित्त गेलं खड्ड्यात. वाचून बायकोला चहा करून दिला.’ ढगाने फुलं दिली नाहीत, लिहिलं: ‘काही सुचत नाही.’ एका बाईंनी शेवटची ओळ फ्रिजवर लावलीय म्हणे.
शांतपणे विचार केला. कारण उघड आहे. बाईचं नाव आणि पडद्याचा फोटो. पडद्यामागे कोण, ही उत्सुकता. कवितेत काय आहे? घरोघरी हेच बोलतात.
आता ठरवलं. निःशब्दा लोकप्रिय झाली की तिच्या शिफारशीला वजन येईल. तिच्या खांद्यावरून वणवा वर चढेल. हे राजकारण झालं, पण कवितेसाठी.

३० जानेवारी, रविवार
निःशब्दाची दुसरी. ही गुरुवारी तापाने पडली होती, काल बरी होताच जे बोलली ते:
‘मला ताप आला की तुम्ही विचारता
काय आणू
मी म्हणते काही नको
आणि तुम्ही खरंच
काही आणत नाही’
पहिलीपेक्षा दुप्पट अभिप्राय. सगळे त्या नवऱ्यावर तुटून पडलेत. ‘कसला दगड माणूस असेल!’ ‘ताई, याच्याशी तुम्ही राहता कशा?’ मलाही पटलं. असे नवरे असतात. आमच्या दुकानात येतात ना, बायकोला फ्रेम निवडू देत नाहीत.
तरी वणवा या नावाने मी समतोल मुद्दा मांडला, की काही नको म्हटल्यावर न आणणं यात नवऱ्याचा तर्क चुकत नाही. त्यावर तेवीस लोकांनी मला रागाचे चेहरे पाठवले. माझ्या पोस्टला आलेला हा आजवरचा सर्वात मोठा प्रतिसाद.

१२ फेब्रुवारी, शनिवार
कच्चा माल संपला. ही बोलतच नाही!
ओला टॉवेल मुद्दाम पलंगावर टाकला. उचलून वाळत घातला, गप्प. गिझर चालू ठेवला. बंद केला, गप्प. काल तर शर्टाची घडी मोडून तीन शर्ट जमिनीवर पसरले. तिने बघितलं, ओलांडून गेली. अरे, ही काय पद्धत झाली? संसारात संवाद पाहिजे. मी स्पष्ट विचारलं, तू बोलत का नाहीस? म्हणाली, बोलून काय होतं.
तीन शब्द. टाकले तसेच. दोनशे अभिप्राय. मी ‘धमन्यांतून’साठी आठ दिवस राबलो होतो.

२० फेब्रुवारी, रविवार
फोनवर आपल्या धाकट्या बहिणीशी मात्र ही तासभर बोलते. मी दाराआड मोबाइल घेऊन. जमलं एकदाचं:
‘हे वाचून दाखवतात तेव्हा
मी यांच्या चष्म्यात दिसते
दोन काचांत दोन
दोघीही जांभई आवरतात
हे एकीकडेही बघत नाहीत’
काय वाचून दाखवतात, ते कळलं नाही. पेपर असणार. तांत्रिक बाब अशी की काचेला चांगलं कोटिंग असेल तर असं प्रतिबिंब दिसत नाही. माझ्या स्वतःच्या चष्म्याला साधी काच आहे, पण तो मुद्दा वेगळा.
अ‍ॅडमिनताईंनी स्वतः लिहिलं, ‘पस्तीस वर्षं मी हेच सांगायचा प्रयत्न करत होते.’ नियमावलीवरून उठून बाई हळव्या झाल्या! आणि वणवाच्या ‘ब्रह्मांडाच्या बासरी’ला? एक अंगठा. निःशब्दाचा. म्हणजे माझाच.
आज पहिल्यांदा मला ती निःशब्दा आवडेनाशी झाली.

१ मार्च, मंगळवार
सहनशक्तीला मर्यादा असते. वणवा या नावाने निःशब्दावर सविस्तर टीका लिहिली. साहित्याच्या भल्यासाठी. मुद्दे: ही कविता नव्हे, कुरकुर आहे. दृष्टी ओट्यापलीकडे जात नाही. कल्पनाशक्तीचा पूर्ण अभाव, बाई आयतं ऐकलेलं उतरवून घेत असाव्यात. नवऱ्याचं चित्रण एकांगी. त्या माणसाचीही काही बाजू असेल, तो कदाचित संवेदनशील असेल, कदाचित कवीही असेल.
दुकानात बसून लिहिली. तेवढ्यात चार गिऱ्हाइकं परत गेली. मालक म्हणाले, पगार डोळे तपासण्याचा मिळतो, बोटं चालवण्याचा नाही. त्यांना काव्यातलं काय कळणार. प्लसच्या नंबरचा माणूस, जवळचं दिसतच नाही.

२ मार्च, बुधवार
अख्खा समूह माझ्या अंगावर. हळव्या ढगासारख्या माणसाने ‘निर्लज्ज’ हा शब्द वापरला. गझलवाले सर म्हणतात, जळफळाट. मी? त्या बाईवर? जिला मीच जन्माला घातलं?
शेवटी निःशब्दालाच मधे पडावं लागलं. तिच्या नावाने लिहिलं: ‘वणवा सर स्पष्टवक्ते आहेत. त्यांचं मन फार मोठं आहे. त्यांच्या कविता पुन्हा वाचा.’ उत्तरं आली: ‘ताई, मोठं मन तुमचं!’ ‘अशा माणसांना घाबरू नका.’ ‘तो तुम्हाला मेसेज करून त्रास देतोय का?’
डोकं धरून बसलो. बायकोने विचारलं, काय झालं. म्हटलं, साहित्यक्षेत्रात फार द्वेष आहे. तिने पाण्याचा ग्लास आणून ठेवला. मागितला नव्हता तरी.

२७ मार्च, रविवार
निकाल.
निःशब्दा: पहिली. संग्रहाची सुरुवात तिच्या कवितांनी. हळवा ढग: दोन कविता. गझलवाले सर: एक. वणवा: नाही.
यादी वरून खाली वाचली, खालून वर वाचली. चष्मा पुसून वाचली. नाही म्हणजे नाही. दिवसभर जेवण गेलं नाही. खोटं कशाला लिहू, रडू आलं. बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला. ही बाहेरून म्हणाली, पाणी तुंबेल.
संध्याकाळी थोडं सावरल्यावर लक्षात आलं: निःशब्दा म्हणजे तरी कोण? मीच! तोडलेल्या ओळी माझ्या. कुठे तोडायची हेच तर कवितेत अवघड असतं. म्हणजे पहिला नंबर माझाच. फक्त नाव बदलून घ्यायचं, एवढीच प्रक्रिया राहिली. योग्य वेळी प्रकट होऊ.

३ एप्रिल, रविवार
निवडलेल्या कवींनी येत्या रविवारी ऑनलाइन संमेलनात, कॅमेरा चालू ठेवून, आपल्या कविता वाचायच्या. न वाचणाऱ्याची निवड रद्द. ताईंचा नियम.
मी प्रकट व्हावं की नाही? ‘दगड माणूस’पासून ‘निर्लज्ज’पर्यंत सगळं डोळ्यांसमोर आलं. आत्ता लोकांची मनःस्थिती बरोबर नाही.
बायकोला गाठलं. म्हटलं, समूहातल्या एक लाजाळू बाई आहेत, त्यांचा घसा बसलाय. तू त्यांच्या जागी कॅमेऱ्यासमोर बसून कागदावरचं वाच फक्त. परोपकार. तिने विचारलं, तुमच्या कविता नाहीत ना? शपथेवर सांगितलं, नाहीत. मग तयार झाली. अट: बाथरूमचं तुंबलेलं पाणी आधी काढायचं. दुपारभर वाकून काढलं. केसांचा एवढा गुंता निघाला. कवितेसाठी कवीला काय काय करावं लागतं!
आधी एकदा वाचून बघ म्हटलं, तर म्हणाली, दवाखान्यातून यायला मला उशीर होतो, समोर ठेवाल ते वाचीन.

१० एप्रिल, रविवार. दुपार.
कसंबसं लिहून काढतोय.
सगळी तयारी उत्तम होती. हिला पडद्यापुढे बसवलं, प्रोफाइलशी जुळावं म्हणून. मोबाइल मी हातात धरून समोर उभा. कागदावर मोठ्या अक्षरात कविता, आम्ही दुकानात वरच्या ओळीला वापरतो तेवढ्या. ताईंनी ‘आपल्या लाडक्या निःशब्दा’ म्हणून ओळख करून दिली. टाळ्यांची चित्रं उडाली.
हिने वाचायला सुरुवात केली. दिवा बंद करा म्हटलं. दुसऱ्या ओळीवर अडखळली. तिसऱ्या ओळीवर कागदावरून मान वर करून माझ्याकडे बघितलं. मी खुणेने सांगितलं, वाच, वाच, छान चाललंय. तिने पुढचं कागदाकडे न बघता म्हटलं. दुसरी कविता, तापाची, तीही न बघता. चष्म्याची वाचताना आवाज बदलला. मी मनात म्हटलं, पाठांतर चांगलं आहे.
कागद संपला. ही थांबली नाही. माझ्याकडे बघत पुढे म्हणाली:
‘आता हे समोर उभे आहेत
मोबाइल धरून
मी चौकटीत नीट दिसतेय का
एवढंच बघतायत
मी काय वाचतेय
ते यांना आधीपासून माहीत होतं
मला आत्ता कळलं’
आणि हात पुढे करून कॅमेरा बंद केला.
तिकडे तो समूह पेटलाय. अभिप्राय मोजता येत नाहीत. शेवटची कविता संग्रहात घ्यायलाच हवी म्हणतात.

त्याच दिवशी, संध्याकाळ.
मला वाटलं होतं ही आरडाओरडा करेल. त्याची तयारी होती. खरं सांगायचं तर मोबाइलही हाताशी ठेवला होता. तिने तो मागून घेतला. निःशब्दाचं सगळं पहिल्यापासून वाचलं, लोकांचे अभिप्रायसुद्धा. वणवाची टीकाही वाचली. मी म्हटलं, तो माणूस जरा फटकळ आहे. म्हणाली, माहितेय मला तो.
मग म्हणाली, म्हणजे तुम्हाला ऐकू येत होतं. मी म्हटलं, अर्थात! शब्दन् शब्द! मला वाटलं गाडी रुळावर आली. तर म्हणाली, इतकी वर्षं मी समजत होते की तुमचं लक्ष नसतं. लक्ष नसणाऱ्याला माणूस माफ करतो. तुम्ही सगळं ऐकलंत, लिहून घेतलंत, चार लोकांत वाहवा मिळवलीत, आणि टॉवेल पुन्हा पलंगावरच.
एरवी मी हजरजबाबी आहे. वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. उठून टॉवेल वाळत घातला, पण तो आधीच वाळलेला होता.
पासवर्ड मागितला. दिला.

१२ एप्रिल, मंगळवार
हिने समूहाला कळवलं: निःशब्दा मीच. शब्द माझे, टायपिंग नवऱ्याचं. नवरा म्हणजे तुमचे वणवा. तीन वाक्यांत सगळं! एकही विशेषण नाही.
वणवा यांस समूहातून काढून टाकण्यात आलं. ताईंनी जाता जाता लिहिलं, नियमावलीची शेवटची ओळ आता काळजाला भिडेलच. बाई विसरल्या नाहीत.
हरकत नाही. थोर कलावंताला हद्दपारी चुकलेली नाही. आता मी समूहाबाहेरून लिहीन. कुणासाठी, ते नंतर ठरवू.

१ मे, रविवार
ही आता दवाखान्यात दोन पेशंटच्या मधे लिहिते. तोंडात कापूस घातलेल्या माणसांवर एक लिहिलीय म्हणे, की सगळ्यांत जास्त सांगायचं तेव्हाच असतं. मला वाचायला मिळाली नाही. समूहात मी नाही आणि तिच्या फोनचा पासवर्ड नवा आहे. मालकांनी दुकानात वाचली. मला म्हणाले, तुमच्या मिसेस काय लिहितात हो! प्लसचा नंबर असून.
घरात ही माझ्याशी कामापुरतं बोलते. आणि बोलताना मधेच थांबून बघते, माझे हात कुठे आहेत.

२२ मे, रविवार
संग्रह छापायला चाललाय. कवीचा परिचय द्यायचाय. ही म्हणाली, स्वतःबद्दल काय लिहायचं मला सुचत नाही, तुम्ही लिहा.
हीच ती संधी! माझं लेखन, छापील पुस्तकात, पहिल्या पानावर. दिवसभर बसून परिचय तयार केला. ‘ज्यांच्या काव्याची ज्योत एका धगधगत्या वणव्याच्या सहवासात पेटली, ज्यांना तीन तपांचे ऋण लाभले एका अलक्षित, अबोल प्रतिभावंताचे, जो स्वतः जळत राहिला...’ असं पाऊण पान. शेवटी तिची नोकरी वगैरे. हिने न वाचताच पाठवून दिला. एवढा विश्वास अजून आहे, हे काही कमी नाही.

२४ मे, मंगळवार
अ‍ॅडमिनताईंचा अभिप्राय आला: ‘परिचय लांबला आहे. पहिले दोन परिच्छेद परिचय लिहिणाऱ्याविषयी आहेत, ते काढले. ज्योत, वणवा, तपे काढली. सहवास वीस वर्षांचा असताना तपे तीन कशी, तेही कळावे.’
आता परिचय असा उरलाय: ‘निःशब्दा या दातांच्या दवाखान्यात काम करतात. विवाहित.’
दोन वाक्यं. पण दुसरं बघा! त्यात मी आहे. थेट नाव नाही, पण दुसरं कोण असणार? कमीत कमी शब्दांत जास्तीत जास्त आशय. गझलवाल्या सरांना हे जन्मात जमणार नाही.

२९ मे, रविवार
आज ताईंचा हिला फोन. स्पीकरवर होता, मी जवळच भाजी निवडत होतो. (हल्ली निवडतो.) ताई म्हणाल्या, परिचयाची ओळ पानाबाहेर जातेय, एक शब्द जास्त होतोय. ‘विवाहित’ काढू का, तसंही त्याला काही अर्थ नाही.
माझे हात थांबले. संकल्पापासूनचं सगळं डोळ्यांपुढे आलं. एवढा एकच शब्द होता माझा.
हिने माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग ताईंना म्हणाली, तो असू द्या. जागा नसेल तर अक्षर लहान करा, पण काढू नका. त्या बिचाऱ्याचं पुस्तकात दुसरं काहीच नाही.

१९ जून, रविवार
पुस्तक आलं. परिचय पान पाचवर, तळाशी. शब्द आहे. अक्षर इतकं बारीक की दुकानातलं भिंग आणून वाचला. तीनदा वाचला. छपाई स्वच्छ आहे.
अजून कुणाचा अभिप्राय आलेला नाही.